नॅबोनिडसची चौथी वही

१

राजा नाहीसा झाला तेव्हा गार्गी ऋचाची नखं कापत होती.

दारावर थाप पडली. बेल तिनं बाळ झाल्यापासून बंदच करून टाकली होती, कारण सात महिन्यांची ऋचा एकदा दचकून उठली की तासभर छातीशी धरून फिरवावं लागे. दार उघडलं तर शिवदासकाका. पायांत चपला नाहीत, एरवी कडक इस्त्रीत असणारा सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"गार्गी," ते म्हणाले, "राजा गेला."

"आधी आत या, बसा. कोण गेलं?"

"चौथी वही. ट्रंकेत नाही."

गार्गीच्या हातातली छोटी कात्री तशीच राहिली.

शिवदास वासनिक मूळचे नागपूरचे, पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर, वय चौऱ्याहत्तर. परदेशातल्या बुकित बातोक भागातल्या या ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर मुलगा समीर, सून एकता आणि अकरा वर्षांची नात दीक्षा यांच्याकडे ते आणि लीलाबाई सहा वर्षांपासून राहत होते. या सहा वर्षांत काकांनी एकच काम केलं होतं. बॅबिलोनचा शेवटचा राजा नॅबोनिडस याचं चरित्र त्यांनी मराठीत, लांब आकाराच्या चार वह्यांत, निळ्या बॉलपेननं लिहून काढलं होतं.

गार्गी नवव्या मजल्यावर राहायची. पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्याच्या मागोमाग, जोडीदाराला मिळणाऱ्या डिपेंडंट्स पासवर आलेली. नवरा, धवल, सकाळी आठला जाई तो अंधार पडल्यावरच परते. दिवसभरात तिच्याशी मोठ्या माणसांसारखं बोलणारी माणसं दोनच होती, आणि दोन्ही वासनिकांच्या घरची. सकाळी दहाला लीलाकाकू येऊन ऋचाला तेल लावून न्हाऊ घालत. दुपारी चारला काका येत, आणि त्यांची वही ती लॅपटॉपवर उतरवून घेई. तीन वह्या झाल्या होत्या. चौथी आजपासून सुरू व्हायची होती.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"मागल्या सोमवारी. लिहून झालं की आठवडाभर मी वही उघडत नाही. मुरू देतो, लोणच्यासारखी." काकांनी कपाळ पुसलं. "दुसरी प्रत नाही, फोटो नाही. समीर म्हणतो, बाबा, तुम्हीच कुठंतरी ठेवली असेल. आणि गार्गी... मला आता खात्री देता येत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की ते ऐकल्याचं दाखवावं की नाही हेच तिला कळेना.

ऋचाला कडेवर घेऊन ती त्यांच्यामागून वर गेली. इथल्या घरांत असते तशी बॉम्बशेल्टरची खोली, जाड लोखंडी दाराची, बिनखिडकीची. वासनिकांनी तिची कोठी केली होती. तांदळाची पोती, जुने पंखे, आणि भिंतीशी काकांची पत्र्याची ट्रंक. आत तीन वह्या व्यवस्थित एकावर एक. सगळ्यात वरच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, बरोबर मध्यभागी, अंगठ्याएवढा एक गोल डाग.

गार्गीनं बोट फिरवलं. पुठ्ठा तिथं मऊ लागला.

"तेल आहे," काका मागून म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कोणीतरी राजाचा विधी केलाय."

२

तो विधी गार्गीला पाठ होता, कारण दुसऱ्या वहीतलं ते प्रकरण तिनंच टाइप केलं होतं. नॅबोनिडसला जुन्याचं वेड होतं. पडकी देवळं दुरुस्त करताना तो पाया खणायचा, आणि आपल्या कितीतरी आधीच्या राजांचे मातीचे लेख शोधून काढायचा. सापडलेला लेख त्यानं कधी फोडला नाही, पळवला नाही. त्याला तेल लावायचं, नैवेद्य दाखवायचा, शेजारी आपला लेख ठेवायचा आणि होता तिथंच परत ठेवून द्यायचं.

असा हा माणूस एक दिवस राजधानी मुलाच्या हवाली करून अरबस्तानातल्या तेमा नावाच्या गावी निघून गेला आणि दहा वर्षं परतला नाही. राजा नाही म्हणून दहा वर्षं बॅबिलोनमध्ये नव्या वर्षाचा सण झाला नाही. तो का गेला, यावर विद्वान अजून भांडतात.

काकांचा त्याच्याशी संबंध साधा होता. एक्क्याऐंशी ते एक्क्याण्णव अशी दहा वर्षं ते सौदीत पाइपलाइनच्या कामावर होते, आणि त्यांचा कँप तेमाजवळच होता.

"तेलाचं काय म्हणतेस?" समीरनं विचारलं. तो संशोधक माणूस, त्या दिवशी घरून काम करत होता. त्यानं गार्गीला गॅलरीत नेलं आणि आवाज खाली आणला. "अगं, तो विधी या घरात माहीत कोणाला आहे? बाबांनाच ना? म्हणजे तेल त्यांनीच लावलं. वही काढली, तेल लावलं, कुठंतरी 'परत' ठेवली आणि विसरले. मला राग नाही गं त्यांचा. भीती वाटते."

"एका वहीवरून?"

"एका नाही. गेल्या महिन्यात दोनदा ते ट्रेनमधून बुकित बातोकला उतरायचं सोडून बुकित गोंबाकला उतरले. दोन-दोन तास पत्ता नाही. शुक्रवारी मेमरी क्लिनिकची वेळ घेतलीय. रिपोर्ट वाईट आला तर..." तो खाली खेळाच्या मैदानाकडे पाहत राहिला. "नागपूरजवळ एक चांगली संस्था आहे, विसरणाऱ्या माणसांसाठी. जागा धरून ठेवलीय. इथं दिवसभर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"आणि काकू?"

"आई इथंच राहील. दीक्षाला लागते ती. आईला अजून काही बोललो नाही. शुक्रवारनंतर सांगू."

म्हणजे चार दिवसांत वही मिळाली नाही, तर काका एकटे नागपूरला. गार्गीनं ऋचाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

समीर जाता जाता थांबला. "तू नव्हतीस ना नेली टायपिंगला? म्हणजे, नेली असशील आणि लक्षात नसेल. लहान बाळ आहे, झोप कुठं होते तुझी."

तो हे चांगुलपणानं म्हणाला होता. तरी लिफ्टमध्ये गार्गीला घाम फुटला. परवाच तिनं दुधाची बाटली फ्रिजऐवजी कपाटात ठेवली होती.

३

घरी येऊन तिनं आधी स्वतःचंच घर धुंडाळलं. टेबल, लॅपटॉपची बॅग, गादीखाली. वही नव्हती.

संध्याकाळी एकता तोआ पायोहच्या ऑफिसातून परतली तेव्हा गार्गी तिला लिफ्टपाशीच भेटली.

"हो, मागच्या रविवारी मी कोठी साफ केली," एकता पर्स खांद्यावरून न उतरवताच म्हणाली. "चाळीस किलो रद्दी काढली. संशय घ्यायचा तर घे. पण खाली कचरा सोडायच्या शूटमध्ये मी कचराच टाकते, सासऱ्यांची सहा वर्षं नाही टाकत. आणि मी रविवारी साफ केली, बाबांनी वही दुसऱ्या दिवशी, सोमवारी पाहिली. घाल बेरीज."

"मी कुठं काय म्हटलं, एकताताई."

"तुझे डोळे म्हणतात. तू बघतेसच तशी, सीआयडीसारखी." मग ती जरा नरमली. "पुस्तक मी वाचलं नाहीये, खरंय. इंग्रजी शाळेत गेलेली मी, ते लांबलचक मराठी अक्षर बघूनच दमते."

आत वासनिकांकडे दीक्षा सोफ्यावर पाय पसरून टॅबवर गणितं करत होती; बोलणं इथल्या शाळेतल्या पोरांचं, मध्येच 'ला' लावणारं. "नॉट मी, ला, आन्टी. आय कान्ट इव्हन रीड दॅट." मग मान वर करून म्हणाली, "आजोबा क्राइड, यू नो. इन द टॉयलेट. ही थॉट नोबडी हर्ड."

लीलाकाकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. सत्तरीच्या, बारीक, पदर खोचलेल्या. तव्यावरून नजर न काढता बोलल्या.

"मले काय विचारतेस पोरी? त्या कोठीचं दार मले ओढवत नाही, खांदा दुखते. मी जातच नाही तिकडं."

"तुम्हाला काही बोलले का काका वहीबद्दल?"

"माझ्याशी काऊन बोलतील? मले काय समजते त्या राजातलं! दहा वर्षांनी आला म्हणते परत, आणि स्वतःच्याच वेशीवर पहारेकऱ्याले नाव सांगायची पाळी आली. असा कसा बापा राजा?" त्यांनी भाकरी उलटली. "जेवून जाशील? नवरा उशिरानंच येते ना तुझा."

गार्गी थांबली नाही. निघताना तिनं डागाची तिसरी वही मात्र मागून घेतली.

४

मंगळवारी साडेअकराला, काकू ऋचाला न्हाऊ घालून, झोपवून गेल्यावर, गार्गीला बाळाच्या कानामागं निळी रेघ दिसली. बारीक, वाकडी, मानेपर्यंत उतरत गेलेली.

शीर असेल का? काल नव्हती. रक्त साकळलंय का? इंटरनेटवर तिनं पहिली तीन उत्तरं वाचली आणि चौथं वाचायच्या आत टॅक्सी बोलावली.

डॉक्टर बाई चष्म्यावरून पाहत राहिल्या. मग स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी ती रेघ पुसली. बोळा निळा झाला.

"बॉलपॉइंट, ला, मम्मी," त्या म्हणाल्या. "बेबी ओके. मम्मी ओके ऑर नॉट?"

परतताना टॅक्सीत गार्गीला हसू येऊ पाहत होतं, पण एकटीनं हसायला ते पुरेना. फोनवर धवलचा मेसेज आला, 'सगळं ठीक?' तिनं लिहिलं, 'हो. ठीक.' बाहेर अप्पर बुकित तिमाहच्या रस्त्याकडेची मोठमोठी झाडं मागं पळत होती आणि ऋचा तिच्या बोटाला धरून झोपली होती.

घरी आल्यावर मगाशी घाईत तसंच राहिलेलं तेलाचं भांडं उचलायला ती वाकली. पुण्याहून आईनं ओळखीच्यांबरोबर पाठवलेलं तेल, लसूण आणि ओवा घालून कढवलेलं खोबरेल. गेले दोन आठवडे ऋचाला सर्दी होती म्हणून हेच तेल चालू होतं. उग्र, तिखट वास.

ती तशीच थबकली. भांडं खाली ठेवून तिनं टेबलावरची तिसरी वही घेतली, डाग नाकाशी नेला.

लसूण. ओवा.

राजाला लावलेलं तेल तिच्या स्वतःच्या घरातलं होतं.

५

बुधवारी चारला शिवदासकाका आले, ते नुसतेच. हातात वही नव्हती, तरी खुर्चीत नेहमीसारखे वही धरल्यासारखे बसले.

गार्गी रात्रभर स्वतःवरच संशय घेत होती. तिसरी वही तिच्याकडे होती खरी. पण ती तिनं महिन्यापूर्वी परत केली होती आणि हे तेल आलं त्याला दोनच आठवडे झाले होते. म्हणजे डाग तिच्या हातचा नाही. इतकं तरी नक्की.

"काका, चौथ्या वहीत काय होतं, सांगाल?"

"राजाचं परतणं." काकांचा चेहरा थोडा उजळला. "त्याबद्दल लेखांत फार काही नाही. म्हणून मी पहिल्यांदाच कल्पना केली. दहा वर्षांनी तो येतो, वेशीवरचा पहारेकरी नवा पोरगा आहे, तो राजालाच विचारतो, नाव काय? हे कुठल्या पुस्तकात नाही. माझंच. कोणाला सांगितलंही नाही, थोडी लाज वाटली."

गार्गी खुर्चीत पुढं सरकली. "कोणालाच नाही?"

"कोणालाच."

"काकूंनाही?"

"लीलाला?" ते हसले. "तिला त्यात कुठं रस! आणि वाचता-लिहिताही बेताचंच येतं गं तिला. मी सौदीत होतो ना, दहा वर्षं तिची पत्रं यायची ती समीरच्या अक्षरात. सहा वर्षांचं पोरगं, मोठमोठी अक्षरं. 'इकडे सर्व ठीक आहे. तुम्ही काळजी करू नये.' दर पत्रात हेच. जपून ठेवलीत मी सगळी."

"आणि आणखी काय होतं वहीत?"

"राजधानीत मागं काय चाललं होतं, त्याचं एक पान. म्हणजे अर्धंच पान. लिहिलंय मी, या दहा वर्षांत घरच्या माणसांचं काय झालं याची नोंद नाही. फारसं काही घडलं नसावं."

गार्गीनं विचारलं, "बुकित गोंबाकला का उतरलात दोनदा?"

"तिथं जुनी खाण आहे ना, पाणी साठलेली, मागं उभा खडक. संध्याकाळचं ऊन पडलं की हुबेहूब तेमाची भिंत. बघत बसतो."

"मग समीरदादांना सांगितलं का नाहीत?"

"त्यानं 'हरवलात का' एवढंच विचारलं. का उतरलात, असं नाही विचारलं."

ते गेल्यावर गार्गीनं फोनवरचं ऋचाचं टिपण उघडलं. दूध किती वाजता, झोप किती, शी कितीदा. ती सगळं लिहून ठेवायची, धवल त्यावरून चिडवायचा. सकाळी काकूंच्या मांडीवरची झोप एरवी पाऊण तास असे. त्या वेळात गार्गी आंघोळ उरकायची आणि बेडरूमचं दार लावून पाठ टेकायची. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता. मागल्या मंगळवारपासून ही झोप दीड तासावर गेली होती. रोज. बाळ एकाएकी जास्त झोपायला लागलं नव्हतं. कोणीतरी त्याला हलू न देता बसून राहत होतं.

तेल लावणाऱ्यानं दुसरी वही वाचलेली होती. वेशीवरचा पहारेकरी ज्याला माहीत, त्यानं चौथीही वाचलेली होती. लसूण-ओव्याचं तेल ज्याच्या हाताला, तो रोज या घरात येत होता. आणि कोठीचं दार ओढवत नाही म्हणणाऱ्या त्या हातांनी परवा भाकऱ्या किती झपाझप थापल्या होत्या.

एकच गोष्ट बसत नव्हती. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिच्या मांडीवर झोपलेल्या बाळाच्या कानामागं बॉलपेनची रेघ कशी?

६

गुरुवारी गार्गीनं नेहमीसारखा शॉवर सुरू केला आणि कोरड्या अंगानंच दोनशेपर्यंत आकडे मोजले. मग दार न वाजवता बाहेर आली.

लीलाकाकू खिडकीशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर ऋचा, तिच्या डोक्याखाली उशी, उशीच्या कडेला टेकवलेली लांब वही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या लिहीत होत्या. थांबून थांबून नव्हे; भरभर, ओठ न हलवता. शेजारी बाळाच्या दुपट्यांची थप्पी सरकवलेली होती. ती थप्पी रोज काकूच घड्या घालून लावत, गार्गीनं कधी उचलून पाहिलीच नव्हती. दहा दिवस राजा त्या थप्पीखाली, तिच्याच घरात होता.

"काकू."

पेन थांबलं. काकूंनी मान वर केली, पण वही लपवली नाही.

"पाणी वाया चाललं तुझं," त्या म्हणाल्या.

गार्गीनं आत जाऊन नळ बंद केला आणि येऊन समोर जमिनीवर बसली.

"तुम्हाला लिहिता येतं."

"नववी पास आहे मी. आमच्या वस्तीत त्या वर्षी मी एकटीच पोरगी."

"मग पत्रं समीरदादांच्या हातून का?"

काकूंनी ऋचाच्या टाळूवरून हात फिरवला. "माझ्या हातानं लिहिलं असतं ना, तर खरं लिहिलं असतं. 'परत या' लिहिलं असतं. आणि नागपुरात दीर शिकायचे होते, घराचं बांधकाम होतं. मग पोराले बसवलं, म्हटलं लिही. पोरापुढं माणूस काय सांगते? सर्व ठीक आहे, एवढंच." त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. "यायनं समजून घेतलं, हिले लिहिता येत नाही. आल्यावर मीही नाही सांगितलं."

"चारही वह्या वाचल्यात?"

"हे खाली फिरायले गेले की. सहा वर्षं. चांगलं लिहितात. राजाच्या आईवर लिहिलंय, राजाच्या पोरीवर लिहिलंय. मी वाट पाहत होते, घरच्या बाईवर काय लिहितात." त्यांनी वहीची मागची पानं चाळून एका ओळीवर बोट ठेवलं. 'फारसं काही घडलं नसावं.' "हे वाचलं आणि मग उचललीच. मागं पन्नास पानं कोरी होती."

गार्गीनं वही हातात घेतली. काकांचं तिरकं अक्षर संपत होतं तिथून पुढं दुसरं अक्षर सुरू होत होतं, उभं, ठसठशीत, शाळेत बक्षीस मिळालेलं असावं असं. 'सन १९८१. तुम्ही गेलात त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही.' पुढं एका पानावर, 'तुमच्या राजाच्या गावात सण बंद पडला. आपल्या घरी नाही पडला. दर चौदा एप्रिलला निळा झेंडा मी एकटीनं लावला, शिडी धरायला समीर.'

आणि एका पानावर फक्त पाच ओळी. गार्गीनं त्या वाचल्या, मग ऋचाला उचलून घट्ट छातीशी धरलं. बाळ कुरकुरलं.

"काकांना हे माहीत नाही?"

"कोणालेच नाही."

"आणि तेल?"

"दुसऱ्याची लिहिलेली वस्तू काढली, तर तेल लावावं म्हणते ना तो राजा. माझे हात तेलाचेच होते." त्या किंचित हसल्या. "पूर्ण झालं की ठेवणारच होते जागेवर. थोडं शोधू दे म्हटलं यायले. मी दहा वर्षं वाट पाहिली, यायनं दहा दिवस पाहावी."

गार्गीनं मग त्यांना सांगितलं. शुक्रवारची तपासणी, नागपूरजवळची संस्था, धरून ठेवलेली एक जागा. एकच. सांगताना तिला वाईट वाटत होतं, पण तिनं काही गाळलं नाही.

लीलाकाकूंनी चष्मा काढला.

"पुन्हा एकटं पाठवते?" त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं?"

त्या उठल्या, वही पदराखाली घेतली आणि चपला घालायच्याही विसरून लिफ्टकडं चालू लागल्या.

७

समीर त्या दिवशीही घरीच होता, जेवणाच्या टेबलाशी शुक्रवारचा फॉर्म भरत. काका समोर बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, शाळकरी मुलासारखे हात मांडीवर ठेवून.

"मी घेतली होती," लीलाकाकूंनी वही टेबलावर ठेवली. "हे काही विसरले नाहीत. तो फॉर्म फाड."

"आई? तू? कशाला पण?"

"आणि स्टेशनही चुकले नाहीत, समीरदादा," गार्गी दारातून म्हणाली. "गोंबाकची खाण बघायला उतरतात. विचारा त्यांना."

पण काका त्यांच्याकडं पाहतच नव्हते. त्यांनी वही उघडली होती, आपलं शेवटचं पान ओलांडलं होतं आणि ते थांबले होते. ते अक्षर त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आधी त्यांनी वहीकडं पाहिलं, मग लीलाकाकूंकडं, मग पुन्हा वहीकडं.

"हे कोणी लिहिलं?"

"वाचा ना आता. विचारता काय."

ते वाचत राहिले. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि पानं उलटल्याचा. समीर वडलांच्या खांद्यावरून वाचू लागला. पाच ओळींच्या पानाशी दोघंही एकदमच थांबले.

'जानेवारी १९८५. तुम्ही सुटीवर येऊन गेलात त्यानंतर दिवस राहिले होते. कळवलं नाही, पुढच्या सुटीत दाखवू म्हटलं. पाचव्या महिन्यात गेलं. मेयो हॉस्पिटलात तीन दिवस होते. मुलगी होती.'

"त्या तीन दिवसांत मी शेजारी राहिलो होतो," समीर म्हणाला. त्याचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा. "तू म्हणालीस, मामाकडं गेले होते. आणि आल्यावर मला पत्र लिहायला बसवलंस. मला आठवतंय ते पत्र, आई. मी विचारलं, काय लिहू? तू म्हणालीस..."

"तू नऊ वर्षांचा होता," लीलाकाकू म्हणाल्या. "तुझ्या हातून काय लिहवून घेऊ?"

"मी आल्यावर तरी सांगायचं होतंस, लीला," काका म्हणाले.

"तुम्ही आले आणि विचारलं, कसं चाललं? मी म्हटलं, चाललं. तुम्ही म्हटलं, बरं. मग पेटीतलं सामान काढाय लागले."

काकांनी हातानं चाचपत शेजारची खुर्ची बाहेर ओढली. लीलाकाकू बसल्या नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"नाव ठेवलं होतं का तिचं?" काकांनी विचारलं.

"मनातल्या मनात ठेवलं होतं."

"काय?"

काकूंनी समीरकडं पाहिलं, दारातल्या गार्गीकडं पाहिलं. गार्गी ऋचाला घेऊन मुकाट्यानं बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. समीरही आला आणि कठड्याला धरून खाली पाहत राहिला. त्यानं हातातल्या फॉर्मची बारीक घडी केली होती. आतून काकूंचा आवाज आला, एकच शब्द, बाहेर न कळेल असा. आणि त्यानंतर काकांचा, बहुतेक तोच शब्द, दोनदा म्हटलेला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी बसलं होतं.

थोड्या वेळानं शिवदासकाका दारात आले. डोळे लाल, सदरा चुरगळलेला.

"गार्गी, उद्या टायपिंगला बसशील ना? आधी तिची पानं घे. माझी नंतर."

"हो, काका. संपलीत का तिची?"

"कुठली संपतात," आतून लीलाकाकू म्हणाल्या. "सत्याऐंशीपर्यंतच आले मी. अजून चार वर्षं राहिली. आणि तुम्ही, दारात काय उभे राहिले? इकडं या, बसा. पेनातली शाई संपत आली, दुसरं आणून द्या."